चांद्याच्या अरण्यात इंग्रजी कशासाठी?

इंग्रजांचे राज्य जाऊन पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटला. त्यांची भाषा मात्र गेली नाही. पूर्वी जेथे ती पोचली नव्हती तेथे आता पोचू लागली आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा, सिरोंचा अशा तालुक्यांतील आईबाप मुलाला इंग्रजी शाळेत घालण्याची खटपट करताना दिसतात. यावर शहरातील सुशिक्षित माणसाचा अभिप्राय बहुधा ठरलेला असतो. ज्यांना धड मराठी येत नाही त्यांना इंग्रजीचे हे वेड कशाला, असे तो विचारतो. विचारणाऱ्याच्या मनात दुष्टावा असतो असे नव्हे. परंतु इंग्रजीची ओढ म्हणजे श्रीमंताचे अनुकरण, आणि अनुकरणापलीकडे त्यात काही नाही, हे त्याने आधीच गृहीत धरलेले असते. हे गृहीत कितपत खरे आहे, ते या व्याख्यानात आम्हांस तपासावयाचे आहे. त्यासाठी आजच्या शाळेत शिरण्यापूर्वी थोडे मागे, इतिहासात जावे लागेल.

प्रथम माणसांची ओळख करून घेऊ. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे गडचिरोलीची लोकसंख्या सुमारे १० लाख ७३ हजार असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण शेकडा ३८ हून अधिक आहे. चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या २२ लाखांवर, व तेथे हे प्रमाण शेकडा १७ ते १८ आहे. गोंड आणि माडिया हे येथले मुख्य समाज. त्यांची भाषा गोंडी ही तेलुगू-कानडीच्या द्राविड कुळातली; मराठीशी तिचे नाते शेजाराचे आहे, रक्ताचे नाही. कोलामांची भाषा आणखी निराळी. दक्षिणेस सिरोंच्यात घरोघर तेलुगू बोलतात. मुलचेरा-चामोर्शी भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची बंगाली गावे आहेत. उत्तरेस कोरचीकडे छत्तीसगढी कानी पडते. आणि ज्याला आपण मराठी मुलूख म्हणतो, तेथील शेतकऱ्याच्या घरातली बोलीही झाडीबोली. पाठ्यपुस्तकातली पुणेरी मराठी त्यालाही शिकूनच घ्यावी लागते.

आता या मुलखात कागदाची भाषा कोणती होती ते पाहू. चांद्यास गोंड राजांची गादी १७५१ पर्यंत टिकली. पण राजा गोंड असला तरी दरबारी लिखाण गोंडीत चालत असल्याचे दिसत नाही. पुढे नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला आणि मोडी मराठीचे दप्तर आले. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. तेव्हापासून वरच्या कचेरीत इंग्रजी आणि खालच्या कचेरीत मराठी अशी विभागणी झाली. वर्धा नदीपलीकडचा राजुरा तालुका निजामाकडे होता. तेथे सरकारी कारभार उर्दूत चाले. तो तालुका १९५६ साली मुंबई राज्यात, नांदेड जिल्ह्यात आला व १९५९ साली चांद्यास जोडला गेला. सिरोंच्याचा मुलूख निजामाने १८६० साली इंग्रजांस दिला. काही वर्षे तो अपर गोदावरी या वेगळ्या जिल्ह्यात होता. १८७४ साली तो चांद्यात आला आणि तेलुगू रयतेवर मराठी दप्तराचा अंमल सुरू झाला. म्हणजे राजुऱ्याच्या गोंडाच्या आजोबाने उर्दू शिक्क्याचा कागद पाहिला, नातवाने मराठी सातबारा पाहिला. राज्ये बदलली, कागदाची भाषा बदलली. ज्याच्या जमिनीविषयी तो कागद होता, त्याच्या भाषेवर मात्र पाळी कधी आली नाही.

हा केवळ मानापमानाचा प्रश्न असता तर एवढ्यावर सोडून देता आला असता. परंतु या कागदांवर पोट अवलंबून होते. १८६५ साली हिंदुस्थान सरकारने पहिला जंगल कायदा केला, १८७८ साली दुसरा, आणि १९२७ साली तिसरा. हा तिसरा कायदा आजही चालू आहे. हे कायदे इंग्रजीत लिहिले गेले. ज्या रानातून मोहफुले, तेंदू, डिंक, मध आणि बांबू विनापरवानगी घरी येत होता, त्याच रानात राखीव जंगलाच्या खुणा उभ्या राहिल्या. अल्लापल्लीचे सागवान सरकारचे झाले. लोकांच्या परंपरागत वापराला ‘निस्तार’ असे नाव मिळाले आणि तो किती व कोठे करावयाचा हे कचेरीतल्या पत्रकात लिहिले गेले. नाकेदार ते पत्रक वाचून दाखवी. खरेखोटे करण्याचे साधन ऐकणाऱ्याजवळ नव्हते.

एका शब्दाने किती अनर्थ होतो याचे उदाहरण याच जिल्ह्यात घडले आहे. १९२७ च्या कायद्यात ‘झाड’ या शब्दाची व्याख्या देताना बांबूचाही समावेश केला होता. बांबू हे शास्त्रदृष्ट्या गवत. पण कायद्याने ते झाड ठरले, आणि झाड म्हणून सरकारी मालाच्या यादीत गेले. पुढे २००६ साली वनहक्कांचा कायदा झाला. त्यात गौण वनोपजाची व्याख्या करताना बांबूचे नाव स्पष्ट घातले आणि गौण वनोपजावर ग्रामस्थांचा हक्क मान्य केला. एका कायद्यात झाड, दुसऱ्यात गौण उपज! धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू विकावयास निघाले तेव्हा वाहतुकीच्या पासाचा प्रश्न उभा राहिला. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, आणि पासाचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. पुढे २०१७ साली वटहुकूम निघून आणि २०१८ च्या आरंभी कायद्यात दुरुस्ती होऊन बांबू ‘झाडा’च्या व्याख्येतून वगळला गेला. मेंढा गावात अनेक वर्षे अभ्यास-गट चालत आला आहे. प्रश्न पडला की मंडळी एकत्र बसतात, जाणकाराला बोलावतात, समजून घेतात आणि मग सर्वसंमतीने ठरवितात. अशा गावातल्या मुलाने कायद्याचे मूळ पुस्तक स्वतः वाचावेसे म्हटले, तर त्यास वेड म्हणावे काय?

याच बांबूची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. बल्लारपूरचा कागद कारखाना १९४५ साली स्थापन झाला आणि चांद्याच्या जंगलातील बांबूवर वाढला. रानात बांबू तोडणारा मजूर बहुधा गोंड किंवा माडिया. त्याने तोडलेल्या बांबूचा कागद झाला, त्या कागदावर कायदे, नोटिसा आणि पाठ्यपुस्तके छापली गेली, आणि ती वाचण्याची वेळ आली तेव्हा त्याचाच मुलगा शाळेच्या मागच्या बाकावर बसला होता.

इंग्रजीच्या ओढीचे दुसरे कारण पोटाहून वेगळे आहे, आणि सुशिक्षितांच्या लक्षात ते सहसा येत नाही. गोंडांचा लिखित इतिहास फार मोठ्या प्रमाणात इंग्रजीत आहे. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोची गोंडी गाथा परधानाच्या तोंडून उतरून घेतली. ते १८६३ साली वारले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापले, आणि गाथेचे पहिले छापील रूप रोमन लिपीत, इंग्रजी भाषांतरासह जगापुढे आले. मेजर लुसी स्मिथ यांनी १८६९ साली चांद्याच्या जमाबंदीचा अहवाल लिहिला. चांद्याच्या गोंड घराण्याची हकीकत सांगणारे पुढचे लेखक त्याच अहवालाकडे वळतात. ग्रियर्सन यांच्या भाषापाहणीत गोंडी आली ती १९०६ साली. रसेल व हिरालाल यांचे मध्यप्रांतातील जातीजमातींवरचे ग्रंथ १९१६ चे, ग्रिगसन यांचे बस्तरच्या माडियांवरील पुस्तक १९३८ चे, फ्यूरर-हैमेंडॉर्फ यांचे आदिलाबादच्या राजगोंडांवरील पुस्तक १९४८ चे. हे सारे इंग्रजी.

मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके यांनी १८५८ साली इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाले. आज त्यांचे नाव या दोन्ही जिल्ह्यांत आदराने घेतले जाते, पण त्या उठावाचे समकालीन कागद मुख्यत्वे त्यांना फाशी देणाऱ्या सरकारचे आहेत. शिवाजी महाराजांचा इतिहास वाचावयास आपणांस मराठी बखरी आहेत, पत्रे आहेत. गोंड तरुणाला आपल्या वीराचा शोध घ्यावयाचा तर शत्रूची भाषा वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. इंग्रजीच्या मागे असा स्वत्वाचा शोधही असू शकतो.

येथे कोणी म्हणेल, हे सर्व ठीक. पण मराठी त्यांना जवळची, मग आधी मराठीच नीट का शिकू नये? शिकतातच. हेमलकशाची लोकबिरादरीची आश्रमशाळा १९७६ साली सुरू झाली. मुलांना केवळ माडिया येत होती, पुस्तके मराठी होती; त्यामुळे शिक्षकांना मुलांची भाषा शिकावी लागली तेव्हा शिकवणे सुरू झाले. त्या शाळेतून पुढे माडिया समाजाचे डॉक्टर आणि वकील बाहेर पडले. मराठीचे हे उपकार कोणी नाकारीत नाही.

परंतु अवघड असले तरी आपण मराठी माणसांनी ऐकून घ्यावे असे एक सत्य आहे. आपल्यासाठी मराठी ही ज्ञानेश्वरांची, तुकारामांची भाषा आहे. माडिया मुलाच्या आजोबाला ती प्रथम भेटली ती नाकेदाराच्या, सावकाराच्या आणि तलाठ्याच्या तोंडून. मुलगा तालुक्याच्या शाळेत आला आणि बोलताना लिंग चुकला, ‘ळ’ला अडखळला, की वर्ग हसतो. दहा वर्षे मराठी शिकून तो उत्तम बोलू लागला तरी मराठी ज्यांची मायबोली आहे त्यांच्या बरोबरीस येण्यासाठी त्याची धडपड चालूच राहते. इंग्रजीच्या तासाला मात्र निराळे दृश्य असते. तेथे मास्तरही चाचपडत असतात, पाटलाचा मुलगाही अडखळतो, आणि सारा वर्गच सारखा चुकतो. ती भाषा कोणाच्याच बापाची नसते. माडिया मुलाच्या दृष्टीने शाळेतला हा पहिला विषय, ज्यात सर्वांची सुरुवात एकाच रेषेवरून होते. इंग्रजी परकी आहे हा आपल्याला तिचा दोष वाटतो. त्याला तोच तिचा गुण वाटतो. आमच्या मते या सर्व प्रश्नाचे मर्म येथे आहे.

ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे आपले निवेदन ठेवले. शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाची उपेक्षा त्यांनी सरकारला सांगितली, आणि तीही सरकारला समजेल अशा इंग्रजीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला गेले. ज्या विद्येच्या बळावर त्यांनी पुढे घटना सिद्ध केली ती इंग्रजीतूनच मिळवलेली. नागपूरच्या धर्मांतरानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांनी याच चंद्रपुरात सहस्रावधी लोकांना बौद्ध धर्माची दीक्षा दिली. खालच्या पायरीवर ठेवलेल्या माणसाने जवळच्या भाषेला वळसा घालून दूरची भाषा हाती धरावी, ही वाट त्यांनी आधीच मळवून ठेवली होती.

तरीही सर्व समाजांची कारणे एकच आहेत असे समजणे चूक होईल. सिरोंच्याच्या मुलाची गोष्ट घ्या. घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि मोठे शहर म्हणजे नदीपलीकडचे वरंगळ किंवा हैदराबाद. गोदावरीवर पूल झाल्यापासून ते अधिकच जवळ आले. तेथे त्याची शालेय मराठी चालत नाही, आणि बोलता येणारी तेलुगू लिहिता येत नाही. दोन्ही तीरांवर चालणारे नाणे एकच, ते इंग्रजी. त्याची ओढ सीमेवरच्या माणसाची आहे.

बंगाली गावांची गोष्ट आणखी वेगळी. १९६० नंतरच्या दशकात ही कुटुंबे चांद्याच्या जंगलात वसवली गेली. सुंदरनगर, विवेकानंदपूर अशी गावांची नावेच त्यांची कहाणी सांगतात. त्यांतले बहुसंख्य नामशूद्र. ही जात पश्चिम बंगालात अनुसूचित जातींच्या यादीत आहे. महाराष्ट्राच्या यादीत तिचे नाव नाही. त्यामुळे राखीव जागेचा आधार त्यांच्या मुलांना मिळत नाही, आणि खुल्या स्पर्धेत इंग्रजीवाचून निभाव लागत नाही. एकदा देश सोडावा लागलेल्या माणसाला कोठेही चालेल अशा विद्येचे मोल कळते. जमीन मागे राहते. विद्या बरोबर येते.

कॅनडातील मॉन्ट्रिऑल शहरी गार्डनर आणि लँबर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली परभाषा शिकण्याच्या प्रेरणांचे दोन वर्ग सांगितले. त्या भाषेच्या लोकांत मिसळावेसे वाटणे हा एक, आणि नोकरी-व्यवहारात उपयोग व्हावा हा दुसरा. विभागणी उपयुक्त आहे, पण चांद्याच्या अरण्यात ती अपुरी पडते. येथील विद्यार्थ्याला इंग्रज लोकांत मिसळावयाचे नाही. त्याने इंग्रज पाहिलेलाही नाही. नोकरी त्याला हवी आहे, पण केवळ नोकरीही नव्हे. त्याला आपल्याच जिल्ह्यातील मराठी माणसासमोर मान वर करून उभे राहावयाचे आहे. परक्यांची भाषा शिकावयाची ती शेजाऱ्याशी बरोबरी करण्यासाठी, ही प्रेरणा त्या दोन्ही वर्गांत नीट बसत नाही.

ईशान्येकडे पाहिले तर फरक अधिक उमगतो. थॉमस जोन्स या वेल्श मिशनऱ्याने १८४१ पासून खासी भाषा रोमन लिपीत लिहिण्यास आरंभ केला. पुढे नागालँडने १९६७ साली इंग्रजीच आपली राजभाषा केली. तेथे स्वभाषेची अक्षरे आणि इंग्रजीची अक्षरे एकच असल्याने एक दुसरीला पूरक ठरली. गोंडीला असा आधार वेळेवर लाभला नाही. हैमेंडॉर्फ यांनी १९४३ साली आदिलाबादमधील मार्लवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र काढले आणि गोंडी वाचनमाला नागरी लिपीत तयार करविली. आपले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी हे त्याच भागात अधिकारी असताना गोंडी शिकले व त्यांनी तिचे व्याकरण लिहिले. पण असे प्रयत्न मोजके राहिले. २०११ च्या शिरगणतीत ज्या भाषेचे सुमारे २९ लाख ८४ हजार बोलणारे नोंदले गेले, ती घटनेच्या आठव्या परिशिष्टात नाही.

म्हणून आता दुसरी बाजू मांडणे आमचे कर्तव्य आहे. इंग्रजीच्या तासाला सर्वांची सुरुवात एकाच रेषेवरून होते असे आम्ही म्हटले. पण पहिला तास संपला की रेषा मोडते. चंद्रपूर-नागपूरच्या मुलाला शिकवणी असते, घरी पुस्तक असते, विचारावयास वडील असतात. महाराष्ट्रात २००० सालच्या जूनपासून पहिलीपासून इंग्रजी आले. पण भामरागडच्या मुलावर त्यामुळे एकाच वर्षी दोन परक्या भाषांचे ओझे पडले. सरकारी खर्चाने आदिवासी मुले दूरच्या इंग्रजी निवासी शाळांत पाठविण्याची योजना निघाली. तेथे ती इंग्रजी शिकतातही, परंतु सुट्टीत घरी आल्यावर आजीची गोष्ट त्यांना पुरती कळेनाशी होते. ज्या स्वत्वासाठी भाषा शिकली तेच स्वत्व त्या भाषेच्या मोबदल्यात गेले, तर हा व्यवहार तोट्याचा म्हणावा लागेल.

हे ओळखून धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. पुढे तिच्यापुढे शासकीय मान्यतेचा प्रश्न उभा राहिला. घटनेच्या ३५० अ या कलमाने, १९५६ सालापासून, अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी करण्यास राज्यांना सांगितले आहे. असे असूनही गोंडी शाळेला आपले अस्तित्व सिद्ध करावे लागते. आणि अशा शाळेची बाजू कोणी उच्च न्यायालयात नेलीच, तर तेथील कामकाजाची भाषा घटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे इंग्रजी! गोंडीचे रक्षण करावयाचे तरी गोंड समाजात इंग्रजी जाणणारा वकील हवा. गोंडी की इंग्रजी, असा वाद घालणाऱ्यांनी ही स्थिती लक्षात घ्यावी. विद्यार्थ्याला दोन्ही हव्यात, आणि त्यांचा क्रम हवा. पहिली अक्षरे मायबोलीची, मग शेजारच्या मराठीची, आणि त्या पायावर इंग्रजी. पाया पक्का असला की तिसरा मजला पेलतो.

या प्रश्नात आपण नगरवासीयांनी काय करावे? आम्ही दोन गोष्टी सुचवितो. पहिली, अरण्यातील मुलाच्या इंग्रजीच्या ओढीला हसू नये. आपल्या घरातील मुले इंग्रजी शाळेत जात असता त्याला मातृभाषेचे प्रवचन देण्याचा अधिकार आपणांस नाही. दुसरी गोष्ट अधिक कष्टाची आहे. मराठी ही त्याला हुकमाची भाषा म्हणून भेटली असेल, तर यापुढे ती स्नेहाची भाषा म्हणून भेटली पाहिजे. या जिल्ह्यांतील किती मराठी शिक्षकांना, तलाठ्यांना, डॉक्टरांना गोंडीची शंभर वाक्ये येतात? हिस्लॉप सातासमुद्रापलीकडून येऊन ती भाषा टिपून गेले. आपण दीडदोनशे वर्षे शेजारी राहून ती शिकलो नाही. लुसी स्मिथचा अहवाल आणि हिस्लॉपचे कागद सोप्या मराठीत व गोंडीत उतरविले, वनहक्काचा कायदा गोंडीत समजावून दिला, तर निदान आपला इतिहास व आपला हक्क वाचण्यासाठी तरी कोणा मुलाला परक्या भाषेची वाट पाहावी लागणार नाही. मग तो इंग्रजी शिकेल ती जगाची खिडकी म्हणून. आज मात्र स्वतःच्याच घराच्या दाराची किल्ली म्हणून त्याला ती शिकावी लागत आहे, आणि ते दार ज्यांनी लावून घेतले त्यांत आपल्याही पूर्वजांचा हात होता, एवढे स्मरण आपण ठेवावे.